फौजदारचे बावीस दिवस

कुत्र्याचं नाव फौजदार, आणि मालक घरात आले की तो पलंगाखाली शिरून मुतायचा. नाव ठेवणाऱ्यांना मी दोष देत नाही, पिल्लू असताना म्हणे छाती काढून चालायचा. मला बोलावलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडका, आणि शेपूट कायम पोटाला चिकटलेलं.

मी आधी कारखान्यांसाठी राखणीची कुत्री तयार करायचो. वीस वर्षं कुत्र्यांना अंगावर जायला शिकवलं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर घाबरट कुत्र्यांना धीर द्यायचं काम धरलं. लोक मला मास्तर म्हणतात. माझा स्वभाव बरा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणसांशी माझं पटत नाही, कुत्र्यांशी पटतं, आणि हे मी इतक्या जणांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ती मला मोठी कर्तबगारी वाटायला लागली होती.

फौजदारचे मालक दातांचे डॉक्टर. घाबरट मुलांसाठी त्यांचं फार नाव होतं. दुसऱ्या दवाखान्यात हातपाय झाडणारी, डॉक्टरच्या बोटाला चावणारी पोरं यांच्या खुर्चीत बसून जांभया द्यायची. त्या पोरांनी काढलेली चित्रं बाहेरच्या भिंतीवर ओळीने लावलेली होती. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली. साठी उलटलेला मी, खुर्चीचे हात गच्च धरून बसलो होतो. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "घाबरायचं नाही. हलायचं नाही हं. झालंच बघा." आणि खरंच झालं. माझा आवाज मुळातला घोगरा आणि मोठा. असा आवाज आपल्याला लाभला असता तर धंद्यात सोनं केलं असतं, असं वाटून मला त्या माणसाचा हेवा वाटला होता.

दाढ काढून झाल्यावर, मी कापूस चावत बसलो असताना, त्यांनी फौजदारचा विषय काढला. म्हणाले, मी त्याला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही, आवाज चढवलेला नाही, आणि तरी मी दिसलो की तो असा करतो. मागच्या महिन्यात घरी पाहुणे होते, त्यांच्यादेखत झालं. लोक काय समजतील? ते खरोखर दुखावलेले होते. शेवटी म्हणाले, एक महिना बघू, नाहीतर जनावरांच्या डॉक्टरकडून सुई देऊन त्याला मोकळं करू, अशा भीतीत जगण्यापेक्षा ते बरं. हेही त्यांनी अगदी हळू सांगितलं. मी तोंडात कापूस असल्यामुळे नुसती मान हलवली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. असं नीटनेटकं घर मी पाहिलं नव्हतं. चपलांच्या मांडणीत प्रत्येक जोडाची टाच भिंतीकडे, टेबलावरची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, टॉवेलांच्या घड्या पट्टीने मोजल्यासारख्या. डॉक्टर दुपारी दोनला जेवायला यायचे, साडेतीनला परत जायचे. मी चारला जायचो. घरात डॉक्टरांची बायको आणि चौदा वर्षांची मुलगी असायची. मुलीला घरात चिऊ म्हणत. बाई फारसं बोलत नसत. चहा आणून ठेवायच्या आणि दारात उभ्या राहायच्या, जणू मीच घरचा आणि त्या पाहुण्या.

घाबरलेल्या कुत्र्याकडे सरळ बघायचं नाही, आडवं बसायचं, अंग लहान करायचं आणि आवाज अगदी हळू ठेवायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पान. मी जमिनीवर बसलो, गुडघ्यांना शिव्या दिल्या, आणि माझ्या घोगऱ्या गळ्यातून जमेल तितका मऊ आवाज काढून म्हणालो, ये बाळा, ये. फौजदार पलंगाखाली आणखी आत सरकला आणि फरशीवर ओल पसरली. दुसऱ्या दिवशी मी आवाज आणखी हळू केला. तो थरथरायला लागला. चार दिवस मी आवाज उतरवत गेलो आणि चार दिवस बाई पोछा घेऊन उभ्या राहिल्या. मी हात टेकायच्या बेतात होतो.

पाचव्या दिवशी मला नळ दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला. त्याने माझ्या मोरीत पाणी तुंबवून ठेवलं होतं आणि वर माझीच चूक काढत होता. मी कुठे बसलोय हे विसरलो आणि त्याला खणखणीत आवाजात त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून दिली. बोलता बोलता पायावर काहीतरी ऊबदार पडलं. बघतो तर फौजदार. पलंगाखालून बाहेर येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता. माझ्या आरडाओरड्याने कुणाला बरं वाटल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मी फोन ठेवून त्याला हळूच म्हटलं, अरे वा, आलास बाळा? आणि गडी परत पलंगाखाली.

मुलगी दारातून बघत होती. म्हणाली, "काका, त्याला हळू बोललेलं चालत नाही."

का, असं मी विचारलं. तिने अभ्यास आहे म्हणून सांगितलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र नेलं आणि मोठमोठ्याने वाचलं. फौजदार येऊन बसला, जांभई दिली, मान खाजवली. खाली भंगारवाला ओरडत गेला, त्याने कानही हलवला नाही. शेजारी भिंतीला भोक पाडत होते, तरी ढिम्म. भीती फक्त हळू, गोड आवाजाची. चाळीस वर्षांत असं कुत्रं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या कोड्याची मजा यायला लागली होती. मी बाईंना म्हटलं, डॉक्टर दुपारी घरी येतात तेव्हाचे सगळे आवाज मला हवेत. फोन कपाटावर ठेवा, रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. त्या म्हणाल्या, सगळे? मी म्हटलं, सगळे.

त्यांनी पाठवलेलं अकरा मिनिटांचं होतं. मी ते माझ्या खोलीत चहा घेता घेता ऐकलं. कुलपात किल्ली फिरली. एक बूट मांडणीवर ठेवला, मग दुसरा. बेसिनमध्ये हात धुतले. मग डॉक्टरांचा आवाज आला, "फौजदार, ये बाळा. घाबरायचं नाही." फरशीवर नखं घासत लांब पळाली. थोडा वेळ काही नाही. मग तोच आवाज, तसूभरही वर न चढलेला, "चिऊ, ये बाळा. घाबरायचं नाही. हात पुढे कर." ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल काहीतरी होतं. "हलायचं नाही हं. हललीस तर पुन्हा पहिल्यापासून." आणि मग लाकडी पट्टीचा आवाज. मी सहापर्यंत मोजले. ती हलली असणार, कारण डॉक्टर म्हणाले, "पहिल्यापासून," आणि पुन्हा एकपासून सुरू झालं. रडण्याचा आवाज कुठेच नव्हता. स्वयंपाकघरात नळ मात्र सगळा वेळ चालू होता.

अंगावर काटा आला. तो नंतर आला, हे सांगताना मला माझी लाज वाटते. आधी मनात आलं ते हे, की सापडलं. कुत्र्याला कुणी मारलं नव्हतं. हळू आवाजाच्या मागोमाग काय येतं, ते त्याला पाठ झालं होतं, एवढंच. कोडं सुटल्याचा आनंद मला आधी झाला आणि मुलीचे हात नंतर आठवले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं. चहा आणला नाही. विचारलं, "ऐकलंत?"

मी म्हणालो, "ऐकलं. सुरुवातीचं तेवढं पुरेसं आहे माझ्या कामाला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चहा करायला गेल्या.

त्या बाईला फोन वापरता येत होता. हवं तेवढं कापून पाठवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी अकराच्या अकरा मिनिटं पाठवली ती कुणीतरी ऐकावीत म्हणून, हे मला आज कळतं. तेव्हा मी मूग गिळून बसलो. दुसऱ्याच्या घरात आपण कोण बोलणार, आपल्याला कुत्र्यासाठी बोलावलंय, असं मी स्वतःला बजावलं. बाईंनी त्यांच्या फोनमधून ते त्याच दुपारी पुसलं होतं, कारण डॉक्टर रोज संध्याकाळी फोन बघायचे. मीही माझ्याकडचं कापलं. "ये बाळा. घाबरायचं नाही." इथपर्यंत ठेवलं, "चिऊ" आलं तिथून पुढचं काढून टाकलं. पुन्हा ऐकायची माझी छाती नव्हती, आणि कामाला लागणारही नव्हतं.

अगदीच काही केलं नाही असं नाही. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगितलं की शिकवणं चालू आहे तोवर घरात कसलीही शिक्षा, कसलाही ताण नको, कुत्र्याला सगळं कळतं. ते हातमोजे काढत होते. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, अर्थात, मास्तर, तुम्ही म्हणाल तसं. आणि त्यांनी पाळलं. मुलीसाठी जे झालं नाही ते कुत्र्यासाठी झालं. मला वाटलं मी किती शहाणा, न बोलता काम फत्ते केलं. चार दिवस मी त्या शहाणपणावर खूश होतो.

शिकवणं सोपं होतं. छोटा स्पीकर टॉवेलात गुंडाळून लांबच्या खोलीत ठेवायचा आणि आवाज इतका बारीक करायचा की मला ऐकू येऊ नये, फक्त फौजदारला यावा. डॉक्टरांचा आवाज सुरू झाला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा समोर पडायचा. आवाज थांबला की अंडं बंद. पहिल्या दिवशी तो चावता चावता थांबला. तिसऱ्या दिवशी थांबला नाही. सहाव्या दिवशी आवाज आला की दाराकडे बघायच्या ऐवजी माझ्या डब्याकडे बघायला लागला. तेव्हा मी एक टॉवेल काढला. दोन दिवसांनी स्पीकर एक खोली जवळ आणला. शेपूट पोटापासून सुटलं, मग आडवं झालं, मग एके दिवशी हललं. वीस वर्षं मी या हलण्यासाठी काम केलंय. ते दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही.

साधारण अर्धं काम झालं असताना मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. बाई खाली दळण आणायला गेल्या होत्या. फौजदार तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि ती त्याचा पडका कान उभा करून बघत होती.

"काका, मामा येणारे. बोटीवर असतो तो. दोन आठवड्यांनी रविवारी येणार आणि तीन दिवसांनी परत जाणार." मग म्हणाली, "तोपर्यंत त्याला पूर्ण शिकवू नका ना."

मी विचारलं, का बरं?

"मी मामाला फोनवर सांगितलंय. त्याला पटत नाही. म्हणतो, तुझे बाबा तर साधं ओरडत पण नाहीत. हातावरचं दोन दिवसांत जातं, बाबा बघून मारतात. मग मी म्हटलं, तू ये आणि बाबा हळू बोलतात तेव्हा फौजदारकडे बघ. तेवढंच दाखवू शकते मी."

मी म्हटलं, हल्ली तर काही नाही ना? ती म्हणाली, बाबा तुमच्यासाठी थांबलेत, महिना संपला की? मी म्हणालो, बघतो. तिने तो शब्द होकार समजून घेतला. मोठ्या माणसाच्या "बघतो"चा अर्थ चौदाव्या वर्षी कळायला हवा होता, पण मी मास्तर होतो, फौजदार माझ्यावर विश्वास टाकून झोपत होता, तेव्हा तिनेही टाकला.

आणि मी थांबलो नाही. अर्धवट शिकवलेलं कुत्रं बिघडतं, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते खोटंही नाही. महिना संपला तर सुई आहे, हे दुसरं कारण. पण दोन्ही कारणं वरवरची. आठ दिवस रेंगाळत काढणं मला सहज जमलं असतं, गुडघ्याचं निमित्त तर कायमचंच होतं. खरं म्हणजे काम इतकं सुरेख चाललं होतं की मला हात आवरेना. स्पीकरनंतर मी खुद्द डॉक्टरांना शिकवलं. आडवं कसं बसायचं, डोळ्यांत न बघता तुकडा कसा टाकायचा, तो आला तरी लगेच हात कसा लावायचा नाही. इतका चांगला विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला लागायचं नाही. बाविसाव्या दिवशी डॉक्टर हळूच म्हणाले, "ये बाळा," आणि फौजदार चालत गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. माझेही आले. मुलगी दाराआडून निघून गेली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तो गुरुवार होता. रविवारी मामा आला आणि डॉक्टरांनी मलाही जेवायला बोलावलं. मामा दणकट, हसरा, उन्हाने रापलेला माणूस. बोटीच्या इंजिनावर काम, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय. फौजदारला तो पहिल्या मिनिटातच आवडला. जेवणं झाली. मग मुलगी उठून फौजदारजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आता बघ." आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, त्याला बोलवा ना."

डॉक्टरांना वाटलं, लेक आपलं कौतुक दाखवतेय. ते खुर्चीवरच थोडे वळले आणि म्हणाले, "फौजदार, ये बाळा. घाबरायचं नाही."

तिला काय वाटलं होतं कोण जाणे. मी "बघतो" म्हटलं होतं, म्हणून त्याची भीती मुद्दाम थोडी शिल्लक ठेवली असेल, असं वाटलं असावं. फौजदार उठला, आळस दिला, शेपूट हलवत गेला आणि डॉक्टरांच्या मांडीवर हनुवटी टेकली. मामाने टाळ्या वाजवल्या. मग त्याने भाचीकडे बघितलं. रागाने नाही, सुटल्यासारखं बघितलं. इतके दिवस बोटीवर त्याच्या मनात तो फोन टोचत असणार.

"मास्तरकाका, तुम्ही सांगा," मुलगी म्हणाली. "तो आधी कसा करायचा ते सांगा. का करायचा ते पण."

सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने, मामा कौतुकाने. बाई हातात ताटं घेऊन थबकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं परत कुणी बघू नये. बोला म्हणत होत्या की नका बोलू म्हणत होत्या, ते मला कळलं नाही, आणि न कळल्याचा फायदा मी घेतला.

"कुत्र्यांचं काय," मी म्हणालो, "लहानपणी कुठेतरी धसका घेतलेला असतो. कारण काही सापडत नाही."

मामा हसला आणि भाचीला म्हणाला की तू फार गोष्टी वाचतेस. बाई ताटं घेऊन आत गेल्या आणि नळ सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, मास्तर, तुम्ही जादू केलीत. मुलगी आपल्या खोलीत गेली. मामाने आणलेला केक मी खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी मामा निघणार होता. बोटीच्या कंपनीने त्याला दिलेल्या लॉजवर मी सकाळी गेलो. बॅग भरत होता. मला बघून खूश झाला, बसा म्हणाला. मी म्हटलं, रविवारी मी खोटं बोललो, कारण मला माहीत आहे, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. त्याचा चेहरा उतरला. हातातला शर्ट खाली ठेवून तो जवळ आला. मी फोन काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि लावलं.

"फौजदार, ये बाळा. घाबरायचं नाही." नखं घासल्याचा आवाज. बंद.

मामा म्हणाला, पुढे? मी म्हटलं, पुढचं मी कापलं. पुढे मुलीला बोलावलं होतं, पट्टी होती. मी सहापर्यंत मोजले होते. तो म्हणाला, कापलं का? मी म्हटलं, कुत्र्याला तेवढंच लागत होतं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की हे वेड्यासारखं वाटतंय.

"मास्तर," तो म्हणाला, "भाऊजी असेच बोलतात हो. सगळ्यांशी. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हापासून मी हाच आवाज ऐकतोय." त्याने शर्ट पुन्हा उचलला. "पोरगी वयात येतेय, बापाचा राग येतो, डोक्यात काहीबाही येतं. तुम्ही तिच्या नादाला लागू नका. आणि परवा तुम्हीच तर म्हणालात, कारण सापडत नाही."

मी आणखीही बरंच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. माणूस वाईट नव्हता. त्याला बोट गाठायची होती, आणि बहिणीचं घर चांगलं आहे असं मानूनच त्याला आठ महिने समुद्रावर काढता येणार होते. पोलिसांत का गेलो नाही, असं तुम्ही विचाराल. तिथेही हेच पाच शब्द ऐकवायचे का, असं मी म्हणू शकतो. खरं उत्तर, पाय उचलला नाही.

शुक्रवारी मी चार वाजता त्या घरी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. बाई दळणाला गेल्या होत्या, मुलीने दार उघडलं. फौजदार धावत आला, माझा डबा असायचा त्या खिशाला नाक लावलं. त्या घरात तेवढं एक जण माझ्यावर खूश होतं. मुलगी टेबलाशी जाऊन बसली. पेन तिने दोन बोटांच्या टोकात धरलं होतं, तळव्याला लागू न देता. मी म्हटलं, मी मामाकडे गेलो होतो.

"माहितीये. मामाने निघताना बाबांना फोन केला. हसत हसत सांगितलं."

फौजदारकडे बघून ती म्हणाली की आता बाबा मला बोलावतात तेव्हा तो पळत नाही, शेजारी येऊन बसतो. अंडं मिळेल म्हणून. शेपूट हलवतो.

मला क्षमा मागायची होती. येताना रिक्षात बसून मी ती तयारसुद्धा केली होती. पण तिने मान वर केली आणि नेहमीच्या सरळ आवाजात, शाळेतली शंका विचारावी तसं विचारलं.

"काका, मला पण शिकवाल? फौजदारला शिकवलंत तसं. मी हलले नाही तर लवकर संपतं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतला असता, तो मला हवाच होता. पण तिला खरंच शिकायचं होतं, आणि शिकवणारा तिच्यापुढे उभा होता.

"त्याला किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"बावीस," मी म्हणालो.

ती म्हणाली, तिला जास्त लागले तरी चालतील. मामा आता आठ महिन्यांनी येणार आहे.